उकिरड्यातली सुकेळी

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. पण त्या सकाळी मी खोटं एक अक्षर बोलले नाही, आणि पाप तिथंच झालं.

निर्मळला आमच्या वाडीत थंडीत राजेळी केळी सोलून चटयांवर वाळवायची, की झाली सुकेळी. संध्याकाळी मात्र ती आत घ्यायलाच हवीत, दव लागलं की गेली. पाळी माझी होती. नवी सून, शेजारणीशी गप्पा हाणत बसले आणि एक चटई बाहेरच राहिली. सकाळी सगळी ओली चिकट. गुपचूप उकिरड्यात पुरली.

"एक चटई रिकामी कशी गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काल शेवटी मावशी गेली," मी म्हणाले.

मावशी म्हणजे सुकेळी केळीच्या सुक्या सोपटात बांधायला येणारी विधवा. शेवटी तीच गेली होती, खरंच. पुढचं काम सासूबाईंच्या तोंडानं केलं, गावभर मावशी चोर ठरली. मावशीला कुणी वाडीत बोलावेना. तिच्या मुलीचं जमत आलेलं लग्न फिसकटलं. देवळात बायकांच्या पुढच्या रांगेत बसणारी ती, दाराशी जाऊन बसू लागली. मी बघायचे. मला काही वाटायचं नाही. हाताला मुंग्या येऊन तो आपला राहत नाही ना, तसं.

आणि दर महिन्याला फादरपुढे पापं कबूल करायला, कुमसारला जायचे बरं का! "खोटं बोलले," एवढंच सांगायचं, फादरनी दिलेल्या प्रार्थना म्हणायच्या, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. आम्हा सगळ्यांनाच वाटायचं, जाळीपलीकडे सांगितलं की फिटलं.

दोन वर्षांनी उपवासकाळात नवे फादर आले. त्यांनी विचारलं, "कुणाबद्दल?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "देव माफ करील, बाय. पण तिचं नाव तुझ्याकडे आहे. ते आधी परत दे, मग ये."

जा म्हणे! त्या रविवारी सगळ्या बायका प्रसादाला उठल्या, मी एकटी बसून राहिले. सासूबाई वळून बघत होत्या.

घरी येऊन त्यांना सांगितलं. वाटलं होतं, झिंज्या धरतील. त्या ओट्यावर बसल्या त्या उठेचनात. मग म्हणाल्या, "मी गावभर बोलले गं." तेवढंच.

मी एकटीच मावशीकडे गेले. ती गवताचे भारे बांधत होती. मी बोलत होते, आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

"त्या सकाळी तुझ्या नखांत उकिरड्याची माती होती," ती म्हणाली. "मी बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं?" तिनं भाऱ्याची गाठ आवळली. "मुलीचं मोडलेलं जोडशील?"

मी मान हलवली. नाही.

"मग रडू नको इथं."

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी मिस्सा सुरू झाली तरी मावशी दाराशीच. सासूबाई उठल्या. भर देवळात, सगळ्यांच्या देखत, लाल लुगड्याचा पदर सावरत दारापर्यंत गेल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "चोरी झालीच नव्हती. आम्ही खोट्या." फादरही थांबले.

मावशी आली. पुढच्या रांगेत माझ्या शेजारी बसली, माझ्याकडे न बघता. प्रसादाची वेळ झाली तेव्हा मी उठेना, तर तिनं कोपरानं ढोसलं.

"ऊठ," ती म्हणाली. "दोन वर्षं मी बसले, तेवढं पुरे."