फेटेवाल्यांचे हायनेक

आबांचं डोकं स्वेटरात अडकलं होतं. दोन्ही हात वर, फेटा काउंटरवर, आणि आतून आवाज येत होता, "काढा रं मला! जीव जातूय!"

साताऱ्यातल्या एका कापडदुकानाच्या माळ्यावर मी तेव्हा विणाईचं मशीन चालवायचे. सत्तरीचं दशक. तोवर आमच्याकडे स्वेटर म्हणजे खऱ्या लोकरीचा: जड, टोचणारा, करडा नाहीतर चॉकलेटी. पण लोकर दर थंडीला महागत गेली. गिऱ्हाईक भाव ऐकून नुसतं चाचपून जायला लागलं. तेवढ्यात लुधियानाहून कृत्रिम लोकरीचा माल आला. स्वस्त, हलका, पोपटीपासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग. शेठजी भुलले. गठ्ठाभर हायनेक मागवून बसले. हायनेक म्हणजे हनुवटीपर्यंत येणारा बंद गळा. मुंबईत तीच फॅशन होती.

आमचं गिऱ्हाईक औंध-फलटणकडचं, फेटा बांधून बाजाराला येणारं.

आबांना त्यांच्या फौजी मुलानं ओढून बाहेर काढलं. डोक्यावरचे उरलेसुरले केस ताठ उभे होते. कृत्रिम लोकर घासली की असं होतं.

"आवं शेठ, ह्यो स्वेटर हाय का उंदराचा पिंजरा? आत गेलं की भायेर न्हाई!"

संक्रांत जवळ आली तरी गठ्ठा हलेना. शेठजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. म्हणाले, "बाई, हा माल पडून राहिला तर तुमचं मशीन विकावं लागेल."

मशीन गेलं तर मी काय करणार?

"शेठजी, मी हे समोरून कापू?"

"अहो, विणलेलं कापलं तर सगळं उसवेल!"

ते खरंच होतं. विणीतला एक टाका सुटला की खालचे सगळे सुटत जातात. पण आधी शिलाई मशीनवर दोन शिवणी शेजारी शेजारी मारायच्या आणि मधोमध कापायचं. शिवण टाके धरून ठेवते. मग कडेला पट्टी, काजं, गुंड्या. निदान माझा अंदाज तसा होता. पहिली कात्री लावली तेव्हा शेठजींनी डोळे मिटले.

"उसवलं का?"

"नाही. उघडा डोळे."

पुढच्या बाजाराला आबांना हाक मारून आत बोलावलं. ते लांबूनच बघत होते. शेवटी एक बाही घातली, मग दुसरी. गुंड्या लावल्या. आरशात फेटा जागच्या जागी.

"आबा, रंग जांभळा आहे. चालेल?"

"थंडीला रंग कळतूय व्हय? भावालाबी एक द्या."

त्यांनी गावात काय सांगितलं कोण जाणे, गठ्ठा संपला. मशीन राहिलं.

पुढच्या थंडीला शेठजींनी मोठ्या रुबाबात, मला न विचारता, दुकान भरून गुंड्यांचे स्वेटर आणले. पहिल्याच दिवशी कॉलेजची पोरं दारात.

"काका, हायनेक हाय का?"

शेठजींनी हळूच वर माळ्याकडे पाहिलं. तो अख्खा हिवाळा मी हायनेक विणले.

मुंबईची फॅशन साताऱ्याला येते, उशिरा का होईना, नक्की येते. फक्त दुकानदाराची दुसऱ्याच मालाची ऑर्डर जाईपर्यंत ती वाट बघते.