अंजिराची बाजू घेणारे सर

देवावर इतका भरवसा असलेला आणि तरीही एका जागी पाच मिनिटं स्वस्थ न बसणारा माणूस अख्ख्या धारवाडात दुसरा नसेल. भरवसा असला की माणूस शांत होतो असा माझा समज होता. आमच्या घरी निदान तसंच आहे. सकाळी दोन फुलं वाहिली की देव त्याच्या कामाला आणि आम्ही आमच्या. सरांचा देव मात्र सरांना पहाटेपासून कामाला लावायचा. सप्तापूरला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. युनिव्हर्सिटीची मुलं प्रबंध छापायला येतात, त्यांच्यासाठी दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. त्यातल्या एकीलाही सरांनी पाठ टेकलेली मी पंधरा वर्षांत पाहिली नाही. ते काउंटरपासून दारापर्यंत आणि दारापासून काउंटरपर्यंत फेऱ्या घालत बोलायचे. दाराशी पोचले की त्यांचं अर्धं वाक्य रस्त्यावर पडायचं, त्यामुळे भाजीची पिशवी घेऊन चाललेली एखादी बाई नुसतं ‘मग देव काय करेल’ एवढंच ऐकून थबकायची, आत डोकवायची, आणि मला बघून पुढे जायची.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घरचे कानडी ख्रिश्चन, पण आई मिरजेकडची नर्स, म्हणून मराठी अगदी आमच्यासारखं. माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणतात. ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नव्हेत. पण त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या चौथ्या रविवारी त्यांची उपदेशाची पाळी असे, आणि आदल्या शनिवारी दुपारी चार वाजता ते हाताने लिहिलेले कानडी कागद घेऊन माझ्याकडे येत. मी टाइप करायचं आणि करता करता न पटलेलं सांगायचं, असा आमचा रिवाज पडला होता. मी एकदा विचारलं, “सर, तुमच्या चर्चमधलं कोणी नाही का हे ऐकायला?” तर म्हणाले, “आहेत की. पण ते आधीच पटवून घेऊन बसतात. तुम्ही तशा नाही. आणि तुम्हाला भीडही नाही.” दुसरी गोष्ट खरी होती. मी भराभर खोडायचे. सरांचा उपदेश माझ्याकडे यायचा पाच पानांचा आणि जायचा अडीच पानांचा. त्यांच्या मंडळींनी याबद्दल माझे आभार मानायला हवे होते, पण त्यांना हे ठाऊक नव्हतं.

खोडण्यासारखं पुष्कळ असायचं, कारण जगात जे जे नवीन निघेल ते सरांना आधी बघायचं असे आणि मग देवाला दाखवायचं असे. नवा सिनेमा लागला की ते बस पकडून हुबळीला जात आणि पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला पोरांच्या गर्दीत वही घेऊन बसत. एकदा परत आले ते तडक दुकानात. “हिरो चाळीस माणसं मारतो अक्का, आणि घरी जाऊन आईच्या पाया पडतो. लोक टाळ्या केव्हा वाजवतात ठाऊक आहे? पाया पडताना. याचा अर्थ काय?”

“तिकीट काढलंय, कुठेतरी वाजवणारच.”

“मग उपदेशातून हे काढू?”

“चाळीस तेवढं काढा. देवाचा माणूस मुडदे मोजत बसला होता असं वाटेल.”

रांगेत उभ्या असलेल्या मुलांना ते ‘हल्ली काय ऐकता’ असं विचारत, आणि मुलं हसण्यावारी न्यायला लागली की त्यांच्या कानातल्या इयरफोनचं एक बोंडूक मागून स्वतःच्या कानात घालत. एका मुलाचं शिव्यांनी भरलेलं धडधडतं गाणं त्यांनी उभ्या उभ्या तीनदा ऐकलं. मुलगा घामाघूम. सर म्हणाले, “आधी तक्रार, मग शिव्याशाप, मग शेवटी देवाचं नाव. अरे, आमच्या स्तोत्रांत हेच आहे. आम्ही फक्त चाल संथ लावली.” मोबाइलमधलं ते विचारलेल्याला उत्तर देणारं यंत्र आलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडून एक प्रार्थना लिहून घेतली आणि मला वाचायला दिली. प्रार्थना मला आवडली, मी तसं सांगितलं. सर काउंटर ते दार दोनदा चालून आले. “चांगली आहे, एक चूक नाही. पण अक्का, ज्याला काहीच नको आहे त्याने मागायचं कसं?” हे वाक्य मी खोडलं नाही. पुढे गणपतीत गल्लीतल्या मंडळाने जे गाणं लावलं त्यावर ‘गणपतीला हे ऐकून काय वाटत असेल’ असं त्यांनी मंडळाच्या पोरांना अगदी मनापासून विचारलं. टोमणा असेल म्हणून पोरं भांडायला तयार झाली होती. सर वही काढून उत्तराची वाट बघत उभे आहेत हे कळल्यावर त्यांची पंचाईत झाली. एकाने आवाज कमी केला. सर म्हणाले, “कमी नको करू रे, आधी सांग.”

अशा माणसाचं चर्चच्या कमिटीशी किती दिवस जमणार? बायबलात एक गोष्ट आहे म्हणे. येशूला भूक लागते, वाटेत अंजिराचं झाड दिसतं, पण त्याला फळ नसतं, तेव्हा तो झाडाला शाप देतो आणि झाड वाळून जातं. सरांनी यावर उपदेश केला आणि अठरा मिनिटं झाडाची बाजू मांडली. अंजिराचं फूल फळाच्या पोटात कसं असतं, एक एवढीशी गांधीलमाशी आत शिरून तिथेच कशी मरते, आणि मुळात तो फळांचा हंगामच नव्हता असं खुद्द बायबलात लिहिलेलं आहे, तर झाडाचा दोष काय, हे आपण प्रभूला विचारलं तर तो रागावेल की आपली वाटच बघत असेल? मी त्यातली गांधीलमाशी खोडली होती; त्यांनी ती परत घातली. दुसऱ्या दिवशी कमिटीचे सेक्रेटरी त्यांच्या घरी गेले. बँकेतून निवृत्त झालेले सरळ गृहस्थ, शर्टाचं वरचं बटण लावणारे. त्यांनी नियम सांगितला: यापुढे उपदेशाचा छापील कागद गुरुवारपर्यंत कमिटीकडे द्यायचा, आणि कागदात असेल तेवढंच बोलायचं. पुन्हा काही वेगळं झालं तर चौथा रविवार दुसऱ्याला. सरांनी मान्य केलं. शनिवारची पाळी बुधवारवर आली, इतकाच फरक मला पडला.

आता हा माणूस पहिल्यापासून असा होता का? नव्हता. ते मला एका पावसाळी दुपारी कळलं, दुकानात कोणी नव्हतं तेव्हा. त्यांची एकुलती एक मुलगी तेरा वर्षांची असताना बायको आजारी पडली. त्याच आठवड्यात चर्चमधली आणखी एक बाई इस्पितळात होती. दोघींसाठी एकाच रविवारी, एकाच दमात प्रार्थना झाली. ती बाई बरी होऊन घरी आली, सरांची बायको गेली. मुलीने विचारलं, “अप्पा, त्यांची प्रार्थना लागली, आपली का नाही?” सर म्हणाले, “देवाला असे प्रश्न विचारायचे नसतात.” मुलगी बरं म्हणाली. आणि त्यानंतर तिने त्यांना काहीच विचारलं नाही. देवाबद्दल नाही, तसं इतरही नाही. कॉलेज कुठलं घेऊ, बंगळुरूला जाऊ का, काही नाही; ठरवायची आणि सांगायची. चर्चला जाणं तिने तिथे गेल्यावर सोडलं, तेही सांगून. “ती जे बघते, जे ऐकते, ते बघत-ऐकत गेलो तर कुठेतरी भेटेल असं वाटलं,” सर म्हणाले. मी चहा सांगितला.

गेल्या डिसेंबरात सर बुधवारी आले ते दारातूनच सांगत. मुलगी येणार होती. चौथ्या रविवारी चर्चमध्येही येते म्हणाली होती, का ते तिने सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. कागद चारच होते. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद होता, त्यात तो प्रश्न होता, जसाच्या तसा, आणि खाली लिहिलं होतं की मला उत्तर येत नाही.

मी म्हटलं, “सर, हे कमिटी पास करणार नाही.”

“नाही केलं तर दुसरं काही बोलणार नाही. घरी बसेन.”

“त्यापेक्षा हे कागदात घालू नका. तिथे उभे राहिलात की सांगून टाका. तोंडपाठच आहे तुम्हाला.”

“लिहायचं एक आणि बोलायचं एक? ते नको अक्का. शब्द दिलाय.”

ते गेले. मी टाइप करायला बसले आणि तिसऱ्या पानावर आले. पंधरा वर्षं खोडत आले होते, हात सरावलेला. मी हिशेब असा केला: परिच्छेद कागदात नसला तर कमिटी अडवणार नाही, आणि सर कधी कागदात बघून बोलत नाहीत असं तेच सांगायचे, त्यामुळे ऐन वेळी ते तो बोलणारच. मुलीने ऐकल्याशी कारण. मी परिच्छेद काढला. सेक्रेटरींचं घर माझ्या वाटेवर, त्यांची प्रत नेहमी मीच टाकायची, ती गुरुवारी टाकली. सरांची प्रत त्यांनी न वाचता बायबलात घातली. माझ्यावर विश्वास होता.

रविवारी मी चर्चला गेले. अशी ती पहिलीच वेळ. शेवटच्या बाकावर मुलगी बसली होती, चौतीस-पस्तिशीची, केस कापलेले, हातात मोबाइल. तिच्या शेजारी मी. आणि मग मला पहिल्या बाकावर सेक्रेटरी दिसले, मांडीवर मी दिलेली प्रत, आणि बोट ओळीवर. सर एकेक वाक्य बोलत होते आणि सेक्रेटरींचं बोट एकेक ओळ खाली सरकत होतं. माझ्या हिशेबात हे बोट नव्हतं.

नेमकं त्या दिवशी सरांनी कागद समोर धरला होता. मुलीपुढे चुकायचं नसेल. तिसरं पान आलं. त्यांनी उलटलं, परत मागे घेतलं, पुन्हा उलटलं. मग मान वर करून शेवटच्या बाकाकडे, माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. हरवलेला चष्मा शोधताना माणूस बघतो तसं. त्यांनी कागद मिटला आणि बोलायला लागले. तेरा वर्षांची मुलगी, दोन आजारी बायका, एक प्रार्थना. सेक्रेटरी उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, “सर, हे कागदात नाही.”

माझं नाव घ्यायला सरांना एक वाक्य पुरलं असतं. ते म्हणाले, “नाही. असायला हवं होतं.” आणि पुढे बोलत राहिले. “मी तिला गप्प बसवलं. मला उत्तर माहीत होतं म्हणून नव्हे, माहीत नव्हतं म्हणून. आजही नाही. देवाला मी रोज विचारतो. तो मला अजून गप्प बस म्हणालेला नाही.” मग खाली उतरले. मुलीचा मोबाइल केव्हाचा पर्समध्ये गेला होता.

बाहेर चिंचेखाली लोक चहाचे कप घेऊन उभे होते आणि सरांभोवती बऱ्यापैकी मोकळी जागा होती. मुलगी तिथे जाऊन उभी राहिली. वाटलं, आता मिठी मारेल. तिने विचारलं, “अप्पा, हे सांगायला वीस वर्षं कशाला लागली?” चांगलंच कडक विचारलं, चारचौघांत. सर एका जागी, अगदी न हलता उभे होते.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी सेक्रेटरींच्या घरी जाऊन घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “अक्कावरे, लोकांना आता एकच दिसतं, सरांनी कागद एक दिला आणि बोलले दुसरंच. त्या प्रश्नाच्या बाजूने मी कमिटीत भांडलो असतो. माझी बायको गेली तेव्हा मीही विचारला होता तो. कागदात असता तर भांडलो असतो.” चौथा रविवार हुबळीच्या एका तरुण पाळकाला दिला होता. तो परत मिळाला नाही. परिच्छेद मी काढला होता हे सरांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अक्का, मला विचारायचं तरी.” पंधरा वर्षांत त्यांनी मला ऐकवलेलं कडू बोलणं तेवढंच.

मध्ये एका रविवारी सकाळी त्यांचे पेन्शनचे कागद द्यायला घरी गेले होते. घर चर्चच्या मागच्याच गल्लीत. सर फोनवर, समोरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. मला हातानेच बसा म्हणाले. पलीकडे मुलगी होती आणि तिचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. नरकाबद्दल काहीतरी वाद चालला होता आणि ती बापाला एकावर एक विचारत होती, श्वास घ्यायला सवड न देता. “माहीत नाही गं,” सर म्हणत होते, “नाही पटत मलाही. तू सांग.” तेवढ्यात घंटा झाली. महिन्याचा चौथा रविवार होता. ते खिडकीशी थांबले. “एक मिनिट,” फोनला म्हणाले आणि घंटा संपेपर्यंत तसेच उभे राहिले, बाहेर बघत. मग फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाले, “हां, बोल. कुठे होतो आपण?”