बंधाऱ्यावरचा काळा मासा

१४ ऑगस्ट. धरणगावच्या बाजारासाठी मी मासे निवडत होते. गिरणेचा काळा मासा एका टोपलीत, रोहू दुसऱ्यात. बघावंही लागत नाही, तोंडाशी बोट फिरवलं की कळतं. काळ्याला चार मिशा, रोहूच्या जेमतेम बोटाला लागतात. त्या दिवशी एक मासा कुठल्याच टोपलीत बसेना. अंग काळं, खवल्यांवर लाली, मिशा खुंटलेल्या. बंधाऱ्याखाली आता असे बरेच मिळतात.

कारण मला माहीत होतं. आमची मच्छीमार संस्था दर पावसाळ्यात नदीत मत्स्यबीज सोडते. ते जिथून येतं तिथे मी जाऊन आले आहे. काळ्याचे नर कमी पडले की काळ्याच्या माद्यांच्या हौदात रोहूचे नर सोडतात, आणि बोटभर पिल्लांत फरक कुणालाच दिसत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या डोहात मात्र आजवर कुणी काही सोडलं नव्हतं. निव्वळ काळा तिथेच उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बीजाचा टेम्पो त्याच डोहावर येणार होता.

हे ठरवलं माझ्या दिराने. तो संस्थेचा चेअरमन, मी सचिव. तो ओट्यावर येऊन बसला तेव्हा मी पुन्हा विरोध केला. असल्या पिल्लांची पुढे वीण होतच नाही, तो म्हणाला. खेचराला कधी पोर झालंय का?

मी तो मासा विळीवर धरून चिरला. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं होतं.

"हे तुमचं खेचर, भाऊजी."

त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं. "गावले मासा खाना शे वहिनी, तुमले त्यानी जात देखनी शे. सोयरीक करनी शे का?"

मी सांगितलं, जात बघायची ती यासाठी: मे महिन्यात डोह आटतो तेव्हा काळा तळाच्या गाळाशी तग धरतो. गेल्या उन्हाळ्यात खालच्या डोहातून मेलेले मासे मी उचलले, ते बहुतेक मिसळीचेच होते. वरचाही बिघडला तर पुन्हा काळा आणायचा कुठून? त्यावर तो म्हणाला, चेअरमनपद मिळालं नाही म्हणून मी नदीचं निमित्त करून आडवी येते. मी त्याला घरी जायला सांगितलं. चहा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आत मी बंधाऱ्याच्या वाटेवर जाऊन उभी राहिले. टेम्पो आला. ड्रायव्हरला म्हटलं, माल पोचल्याच्या कागदावर सचिवाची सही लागते, आणि सचिव मी आहे. डोहावर नेलास तर सही मिळणार नाही. तो दोन मिनिटं कुरकुरला. मग मी पुढे बसून त्याला जुन्या दगडखाणीवर नेलं. तिथलं पाणी नदीला मिळत नाही. पिल्लांना पाण्याची सवय व्हावी म्हणून बीजाच्या पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडली. दिराचा फोन तीनदा वाजला. हात ओले होते, उचलला नाही.

पदराला हात पुसून मी कागदावर सही केली आणि बीज सोडल्याच्या जागेपुढे लिहिलं: दगडखाण.