नाईक सर आणि 'पुन्हा पाठवा'चं बटण

दोष नाईक सरांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरं बोलायची वेळ येईल आणि मग मुद्दा राहून जाईल.

म्हाताऱ्यांसोबत काम केलं की किस्से आपोआप साठतात. आपण एक सांगायचं, त्यांनी मान डोलवायची, आणि घरी जाऊन बरोब्बर उलटं करायचं. वर्षभरात माझ्याकडे इतके जमले की मनवेलपाड्याच्या नाक्यावर चहा गार होईपर्यंत सांगतो आणि तरी उरतात.

काम काय होतं ते थोडक्यात. एक मॅडम होत्या, युनिव्हर्सिटीत रिसर्च करणाऱ्या. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकदम आली तर वसई-विरारच्या कुठल्या गल्लीत किती पाणी चढेल, याचा नकाशा त्यांना काढायचा होता. गणित अवाढव्य, आणि मोठा कॉम्प्युटर त्यांना कोणी देईना. म्हणून त्यांनी गणिताचे हजारो तुकडे केले आणि लोकांच्या घरी रिकाम्या पडलेल्या कॉम्प्युटरना वाटले. घरच्या कॉम्प्युटरने तुकडा सोडवायचा, उत्तर सर्व्हरला परत पाठवायचं. सगळं फुकट, हौसेने. रिकामा कॉम्प्युटर आणि रिकामा वेळ दोन्ही असतात रिटायर्ड लोकांकडे, त्यामुळे तेच जमले.

सर्व्हर म्हणजे आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, पंपाच्या स्विचशेजारी ठेवलेला एक जुना डबा. एका वेळी पाच घरांची उत्तरं घ्यायचा. घरं होती साठ.

तो सांभाळायचो मी. इंजिनीअरिंग सोडून घरी बसलेला, म्हणजे सगळ्यांच्या मते मोकळाच. खरं तर दोनच विषय राहिले होते आणि परीक्षेचा एक शेवटचा चान्स शिल्लक होता. तो घ्यायचं मी ठरवलं होतं, पण कुणाला बोललो नव्हतो. कॉलेजला 'गेलात उडत' म्हणून बाहेर पडलेला माणूस गुपचूप परत फॉर्म भरणार, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

*

सर्व्हरवर गर्दी असली की घरचा कॉम्प्युटर आपणहून थांबतो. एक मिनिटाने पुन्हा बघतो. नाही जमलं तर दोन मिनिटांनी, मग चार, मग आठ. दर वेळी दुप्पट थांबायचं. त्याने गर्दी पांगते. माणसाने काहीच करायचं नाही, हीच त्यातली युक्ती.

नाईक सरांना नेमकं हेच जमत नाही. पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, शाळेत मलाही शिकवलं. त्यांनी प्रोग्रामच्या कोपऱ्यातलं 'पुन्हा पाठवा' हे बटण शोधून काढलं. काढलं ते काढलं, फोटोसकट ग्रुपवर टाकलं. "गेलं नाही तर दाबत राहा. प्रयत्नांती परमेश्वर."

साठ घरं, साठ बोटं. अर्ध्या तासात सर्व्हर आडवा. मी ग्रुपवर लिहिलं, कृपया कोणीही दाबू नका. त्यावर अठ्ठावीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि दाबत राहिले.

मी सरांच्या घरी गेलो. "सर, दर वेळी दाबलं की दाराशी एक नवीन माणूस उभा राहतो. तुम्ही एकटे चाळीस माणसं झालात."

"पण पाटकर, चाळिसाव्याला गेलं ना?"

"तुमचं गेलं. बाकीच्यांचं?"

"त्यांनीही दाबावं."

अशा माणसांनी आमच्या पिढीला शिस्त लावली.

*

मग एक दिवस सर्व्हरकडे वाटायला तुकडेच उरले नाहीत. निम्म्या घरांचे कॉम्प्युटर माश्या मारत बसलेले. शोधलं तर ए विंगच्या सुलभाकाकूंनी एकटीने चारशे तुकडे उतरवून ठेवलेले. त्यांचा कॉम्प्युटर दिवसाला सोडवणार दहा.

"काकू, एवढे कशाला घेतलेत?"

"असू देत रे बाळा. उद्या नाही आले तर?"

टँकरच्या पाण्यावर संसार केलेली बाई. बाथरूममध्ये अजून तीन पिंपं काठोकाठ भरलेली असतात. आणि त्यांनी हा शहाणपणा स्वतःपुरता ठेवला नव्हता. अख्ख्या ए विंगने गणित भरून ठेवलं होतं.

मी चिडलो. "काकू, गणित काय आटतं का?"

"पाणीसुद्धा आटणार नाही असंच सांगितलं होतं बिल्डरने."

*

पास्कू अंकल अर्नाळ्याचे. बोट आता मुलगा चालवतो, अंकल घरी. त्यांचा कॉम्प्युटर सगळ्यांत खटारा, गरम झाला की बंद पडायचा. एका आठवड्यात तो अचानक सगळ्यांत पुढे गेला. इतकी उत्तरं पाठवायला लागला की सर्व्हरला घाम फुटला. मॅडमनी मला फोन करून विचारलं, यांचं कूलिंग कुठलं आहे?

मी बसने अर्नाळ्याला गेलो. टेबलाखाली थर्माकोलचा माशांचा खोका, खोक्यात बर्फ, वर जाळी, आणि जाळीवर कॉम्प्युटर. आजूबाजूला चार मांजरं आशेने बसलेली.

"अंकल, आत पाणी गेलं तर?"

"पोरा, बरफात मावरं टिकतं, तर ह्यो का नाय टिकनार? पानी खाली जातं, वर नाय."

हे फिजिक्स नाईक सरांनी कधी शिकवलं नाही.

*

दुप्पट थांबायची गोष्ट मी तीनदा समजावली. फळ्यावर आकृती काढून. सगळे वहीत उतरवून घेत होते, कळत कुणालाच नव्हतं. तिसऱ्या वेळी सुलभाकाकू म्हणाल्या, "म्हणजे विंगप्रमाणे पाणी सोडायचं, एवढंच ना?"

दहा मिनिटांत त्यांनी कागद केला. ए विंग सात ते साडेसात, बी विंग साडेसात ते आठ. अर्नाळा सगळ्यांत आधी, कारण टोकाला प्रेशर कमी असतं. इंटरनेटला तसलं काही नसतं हे मी सांगणार होतो, पण सगळ्यांना पटलं होतं म्हणून गप्प बसलो.

आठवडाभर सर्व्हर लोण्यासारखा चालला. मग नाईक सरांनी ए विंगच्या वेळेत हळूच बटण दाबलं. कोणाचं उत्तर पोचलं ते प्रोग्राममध्ये सगळ्यांना दिसतं, तिथे त्यांचं नाव दिसलं, आणि दहा मिनिटांत साठही घरं दाबायला लागली.

सुलभाकाकू जिना चढून त्यांच्या दारात गेल्या. "सर, तुम्ही चोरून मोटर लावता."

आमच्या सोसायटीत याहून मोठी शिवी नाही. सर दोन दिवस खाली उतरले नाहीत. त्यानंतर कोणी दाबलं नाही.

*

शेवटचा दिवस. सहाच्या आत सगळी उत्तरं गेली नाहीत तर मॅडमचं काम युनिव्हर्सिटी बंद करणार होती. आदल्या दिवशी लाईट नव्हते, त्यामुळे सगळ्यांचं एकदमच तुंबलेलं. सुलभाकाकू ऑफिसात फोन आणि यादी घेऊन बसल्या, ज्याची पाळी त्याला फोन. सहा जण लॅपटॉप मांडीवर घेऊन बाकावर, त्यांत पास्कू अंकलही, सुनेचा लॅपटॉप आणि त्यात आपली राहिलेली उत्तरं घेऊन आलेले. सर दाराजवळ.

त्याच दिवशी पाच वाजता माझ्या फॉर्मची मुदत संपत होती. पाच मिनिटांचं काम म्हणून मी तीन पन्नासला मोबाइलवर कॉलेजची साइट उघडली. 'सर्व्हर व्यस्त आहे. थोड्या वेळाने प्रयत्न करा.'

एक मिनिट थांबलो. नाही. दोन मिनिटं, मग चार, मग आठ. सहा जण माझ्याकडे बघत होते आणि सहा बोटं बटणावर अधांतरी होती. मी मधेच एकदा दाबलं असतं तर सहाही खाली आली असती. सोळा मिनिटं थांबलो. मग बत्तीस. चार त्रेपन्नलाही तेच उत्तर. आता चौसष्ट.

सरांनी मोबाइलमध्ये डोकावलं. फॉर्म कसला ते त्यांना कळलं. खाली वाकून म्हणाले, "पाटकर, दाब."

"नाही."

"मग बाहेर जाऊन दाब. कोणी बघत नाही."

"तुम्ही दाबायचात तेव्हाही कोणी बघत नव्हतं, सर."

सर स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले.

पाच वाजून दहा मिनिटांनी पास्कू अंकलचं शेवटचं उत्तर गेलं. सुलभाकाकूंनी यादीवर टिक केली आणि मॅडमना फोन लावला. मॅडम रडत होत्या. चहा आला. तोवर माझ्या फॉर्मचं सगळ्यांना कळलं होतं. पाच वाजून गेले होते, तरी घरी कोणी गेलं नाही. एक मिनिट न थांबणारी माणसं पाऊण तास माझ्या मोबाइलकडे बघत बसली, आणि कोणी म्हटलं नाही की दाब.

पाच सत्तावनला मी दाबलं. पान लगेच उघडलं. फॉर्म भरायची मुदत संपली होती.

डिग्री गेली.