हेमंतच्या बोटावरचा आकडा

हेमंतला जाऊन सहा आठवडे झाले. त्याच्या शेवटच्या गुरुवारी मी ब्रेडा या डच शहरातलं ऑफिस आटोपून थेट हॉस्पिटलात गेलो. चार महिन्यांच्या कॅन्सरनं त्याचं वजन एकोणीस किलो उतरलं होतं. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. पण तोच म्हणाला, "त्या खिंडीपाशीच कळलं होतं रे, आपलं मशीन कमी दमाचं." मी त्याला पाणी दिलं आणि बाहेरच्या वाऱ्याबद्दल बोलत बसलो...

पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघे, झुइडओस्ट या उपनगरात एकाच इमारतीत राहणारे शेजारी, हिमाचलात नऊ दिवस चाललो. अडुसष्ट किलोमीटर, वाटेत सात गावं. कुठे किती चढायचं याचा तक्ता माझा, गावकऱ्यांशी गप्पा त्याच्या. शेवटच्या गावात अकरा घरं होती. घरधनीण चहा ओतताना म्हणाली, "तुमचं गाव किती उंचावर?" हेमंत म्हणाला, "समुद्राच्याही खाली." ती थबकली. "मग तुम्ही माणसं की मासे?" हेमंतला हसता हसता ठसका लागला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा मासा पाणी मोजल्याशिवाय पोहत नाही!" खिंडीपलीकडच्या गावात जायचं हे त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. कॉलेजात असताना बर्फानं त्याला याच गावातून परत पाठवलं होतं.

खिंडीखालच्या मुक्कामावर, ४,६०० मीटरवर, सकाळी मी ऑक्सिमीटर काढला. रक्तातला ऑक्सिजन पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेला की परत फिरायचं, असं आमचं ठरलेलं. माझे चौऱ्याऐंशी आले, त्याचे एकाहत्तर. तो नुकताच ओढ्यावरून आमच्या दोघांच्या बाटल्या भरून आला होता.

"अरे, डोकं दुखत नाही, पोटभर खाल्लंय. चल की!"

"नियम ठरवताना तूही होतास."

खिंड तीनशे दहा मीटर वर होती. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सॅक उचलली. "बरं, मास्तर."

पुढच्या हिवाळ्यात मी हातमोजे न घालता सायकलवरून डॉक्टरकडे गेलो. नर्सनं माझ्या बोटाला तसाच ऑक्सिमीटरचा चिमटा लावला. ऐंशी. ती हसली, माझे हात कोमट पाण्याखाली धरायला लावले आणि पुन्हा मोजलं. सत्त्याण्णव. गार बोटांवर हे यंत्र चुकतं, म्हणाली. मला ओढ्यावरून आलेला हेमंत दिसला. मी त्याला बोट चोळायलाही सांगितलं नव्हतं.

हे त्याला लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुन्हा ट्रेक ठरला की सांगू, असं म्हणत राहिलो. पण तो ट्रेकचं नावच काढेना. गणपतीत कुणी विचारलं की स्वतःच सांगायचा, "माझ्यामुळे परत फिरलो, याचा काही दोष नाही." मी शेजारी ताटली धरून उभा असायचो. चार गणपती असेच गेले.

शोकसभेत एकजण म्हणाला, "त्या खिंडीनं तेवढं हरवलं त्याला." तेव्हा मी उठलो आणि सगळं सांगितलं. तो नक्की पोचला असता असं मी म्हणत नाही, ते मला माहीत नाही. पण त्या आकड्यावर त्याला अडवणं चूक होतं. त्याची बायको वैशाली खाली बघत ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "सुधीर, हे त्याला सांगायचं होतंत हो."

आमच्या दहा मजली इमारतीचा जिना हाच आमचा डोंगर होता. दर रविवारी सकाळी आठ फेऱ्या. आधी हेमंत नेहमी एक मजला पुढे असायचा. ट्रेकनंतर मागे राहू लागला. "तू हो पुढे, माझा भरवसा नाही," म्हणायचा, आणि मी पुढे व्हायचो. परवा पहिल्यांदाच एकटा चढलो. प्रत्येक वळणावर भिंतीला टेकून थोडा थांबलो, त्याला पुढे होता यावं म्हणून जिना मोकळा ठेवून.