पाच वेळा सभासद

माझा मामा मधमाश्या पाळतो, आणि खरं सांगायचं तर माणसांपेक्षा त्याचं माश्यांशीच जास्त पटतं. हळू बोलतो, हळू चालतो, वासाचा साबण अंगाला लावत नाही, कारण माश्यांना तो आवडत नाही म्हणे. मामी म्हणते, "ह्या माणसाला घाई झालेली मी एकदाच पाहिली, टेम्पोत राणीमाशी सुटली होती तेव्हा."

त्याला स्वतःचं शेत नाही. वर्षभर तो फुलांच्या मागे फिरतो. आधी मोहरी, मग कांद्याचं बियाणं, मग सूर्यफूल, अधेमधे दोन बागा. फुलोरा दिसला की पेट्या टेम्पोत घालून तिथे नेऊन मांडायच्या. शेतकऱ्याचं पीक भरघोस येतं, मामाला मध मिळतो आणि कोणावर कोणाचे उपकार राहत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी साठ पेट्या होत्या, आता बावीस उरल्यात. बाकीच्या फवारणीने गेल्या. भर दुपारी, माश्या फुलांवर असताना औषध मारलं की संध्याकाळी पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा थर साचलेला असतो. मामा तो झाडूने गोळा करतो. त्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, हे आमच्या घरात लहान पोरांनाही ठाऊक आहे.

म्हणून सरकार नियम आणणार असं कळलं तेव्हा मामा अक्षरशः उजळला. फुलोऱ्यात दिवसा फवारणी बंद, मारायचं ते सूर्य मावळल्यावर मारा. नियमाआधी सगळ्यांचं ऐकून घ्यायला सुनावणी ठेवली होती. मामाने आयुष्यातलं पहिलं भाषण तयार केलं, म्हणजे त्याने सांगितलं आणि मी टाइप केलं. बरोबर तीन मिनिटांचं. नियम झाला नाही तर उरलेल्या पेट्या विकून टाकू, असं त्याने मामीला सांगून ठेवलं होतं.

सभागृहाच्या दाराशी एक बाई बोलणाऱ्यांची नावं तपासत होती. मामाचं नाव आणि फोन नंबर तिने संगणकात घातला आणि मान हलवली.

"काका, तुम्हाला बोलता नाही येणार. तुमचं म्हणणं मांडून झालंय."

"माझं? कोणी मांडलं?"

"तुमच्या संघटनेने, सकाळीच. एका माणसाचं एकदाच ऐकायचं, असा नियम आहे."

"बाई, माझी कुठलीच संघटना नाही हो."

तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी झटणारी म्हणून मिरवणारी एक संघटना, तिचे अकरा हजार चारशे बारा सभासद आणि त्या सगळ्यांचा नव्या नियमाला ठाम विरोध. त्या यादीत मामाचं नाव होतं. फोन त्याचाच, सहीही त्याचीच, ती शेवटी शेपूट काढलेली. बाईने यादी खाली सरकवली. पुन्हा मामा. आणखी खाली पुन्हा मामा.

"तुम्ही तर पाच वेळा आहात," ती म्हणाली. तिलाही ते तेव्हाच कळलं असावं.

मला आधी हसू फुटलं, मग मी मामाचा चेहरा पाहिला. तो भिंतीला टेकला. "ती वही," एवढंच म्हणाला.

वही मलाही आठवली. तीन वर्षांपूर्वी दोन गोड बोलणारी माणसं आली होती. पेट्या कुठे आहेत ते लिहून द्या, सही करा, त्या भागात फवारणी असली की आदल्या दिवशी आम्ही फोन करू, म्हणाली. मामा अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही. वहीवर तेव्हा फक्त "फवारणी पूर्वसूचना" लिहिलेलं होतं. मुक्काम बदलला की मामा इमानदारीत नवी नोंद करायला जायचा. पाच मुक्काम, पाच सह्या. पहिला महिनाभर फोन आले, मग बंद झाले. माश्या वाचवायला दिलेल्या सह्या माश्यांच्याच विरोधात मोजल्या होत्या! मी सुन्न झाले, आणि मग इतकी संतापले की हातातली पिशवी कोणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटली.

सुनावणी घेणाऱ्या मॅडमसमोर मी मामाला जवळजवळ ओढतच नेलं. त्यांनी संघटनेच्या प्रवक्त्याला बोलावलं. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत कोट, बोलणंही तसंच.

"जो आमच्या सेवेचा लाभ घेतो तो सभासद, मॅडम. आमच्या संघटनेच्या घटनेतच आहे तसं."

"ह्यांना विचारलं होतं का?"

"प्रत्येकाला विचारणं व्यवहार्य नसतं."

"वर्गणी किती घेता?"

"अजिबात नाही. सभासदत्व मोफत आहे," तो अभिमानाने म्हणाला.

"मग तुमचं ऑफिस, गाड्या, हा रंगीत अहवाल?"

"काही हितचिंतकांचं सहकार्य असतं."

"कोण हितचिंतक?"

त्याने औषध बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेतलं. मामाच्या खोलीत त्या कंपनीचा रिकामा डबा आहे, शेताच्या बांधावरून पुरावा म्हणून उचलून आणलेला.

"खर्चापैकी किती भाग त्यांचा?"

प्रवक्त्याने पहिल्यांदाच खाली पाहिलं. "सगळाच."

सभागृहात कोणीतरी मोठ्याने "अरे देवा" म्हणालं. मला वाटलं, झालं, आता ही यादी कचऱ्यात जाणार. पण मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. पैसा कोणाचा हे त्या शेऱ्यात लिहिणार होत्या, यादी मात्र त्यांना रद्द करता येत नव्हती. ज्याला बाहेर पडायचं त्याने स्वतः येऊन लेखी माघार घ्यायची, चार वाजेपर्यंत. यादीत मामाच्या नोंदी पाच, म्हणून अर्जही पाच.

मामाने पाचही अर्ज संथपणे लिहिले. तेव्हा कुठे त्याला तीन मिनिटं मिळाली. तो भाषण वाचत होता तेव्हा माझे डोळे भरून आले, ते लपवायचं कारण नाही. शेवटी मॅडमनी तोपर्यंतची नोंद वाचली. नियमाच्या बाजूने एक. विरोधात अकरा हजार चारशे सात.

मामाने यादीची प्रत मागून घेतली आणि बाहेरच्या बाकावर बसला. त्याचं बोट एका नावावर थांबलं. उस्ताद! मामाला पहिली पेटी देणारा, माश्या शांत करायला धूर कसा करायचा हे शिकवणारा माणूस. हल्ली तो कुठल्याशा गोदामावर राखण करतो. मामाने फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"उस्ताद, तुम्ही ह्या नियमाच्या विरोधात आहात असं लिहिलंय इथे."

तिकडून हसू आलं. "मी? अरे वेड्या, माझ्या एकशे दहा पेट्या गेल्या त्या औषधाने. एक उरली नाही."

"तरी आहात. नऊ वेळा."

हसू थांबलं.

"मग खोडून टाक ना माझं नाव," उस्ताद म्हणाला.

"मला नाही खोडता येत. तुम्हीच येऊन लिहून द्यायचं. चारच्या आत."

उस्तादाचं गोदाम दीडशे किलोमीटर लांब होतं. मामाने फोन ठेवला नाही, त्यानेही ठेवला नाही. साडेतीन वाजले होते.