लाल रंगातली घरं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल माफी. चौथीनंतर हातात पेन क्वचितच आलं. तरी जेठांबद्दल, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाबद्दल, मनात आहे ते लिहूनच टाकते.

पिंपळनेरच्या पुढे डोंगराखाली आमचं गाव. वरच्या कड्याला भेग पडली म्हणून धुळ्याच्या कॉलेजातून एक मॅडम आल्या. त्यांचं जेवण माझ्याकडे असे. त्यांनी लॅपटॉपवर आमचाच डोंगर दाखवला. कडा सुटला की फुटून त्याचा चुरा होतो आणि तो पातळ पिठल्यासारखा उतारावरून वाहत येतो. आकडे बदलले की चुरा कधी नाल्यात थांबे, कधी आमच्या गल्लीत शिरे. पोचेल तिथपर्यंत लाल रंग, त्याच्या कडेला रेघ. आमचं घर लालमध्ये होतं. जोराचा पाऊस लागला तर नाल्यापलीकडच्या मंदिरात झोपायला जा, असं मॅडमनी सगळ्यांना बजावलं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

जेठ मॅडमची पिशवी उचलून डोंगरावर जात, तेवढ्यावरच साहेब झाले होते. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "लालमा घर शे. तुना आंडोरले आंडेर कोन दी? दोन हजार दे, रेघ सरकाडी देस." म्हणजे लाल घरातल्या पोराला पोरगी कोण देणार, दोन हजारांत रेघ सरकवून देतो.

मुलाच्या साखरपुड्याच्या साडीसाठी मी पापड लाटून साठवलेले पैसे नवऱ्याने मला न विचारता देऊन टाकले. एवढी अक्कल!

पुढे अफवा उठली, लाल घरांना नवीन प्लॉट मिळणार. मग खालच्या गल्लीतले लोक रेघ आपल्या घरावर ओढून घ्यायला पैसे देऊ लागले. जेठांनी तेही घेतले. बोटभर बांधासाठी डोकी फोडणारी ही माणसं. यांना वाटतं डोंगरही तलाठ्याला विचारून खाली येतो.

आमच्यात सुना जेठांशी बोलत नाहीत. दुसऱ्याला सांगायचं, त्यांनी ऐकायचं. एका दुपारी ते मॅडमच्या शेजारी जेवत होते. मी पदर पुढे ओढून वाढत होते. मॅडमना म्हटलं, "ताई, भाऊंना विचारा, रेघ किती सरकली?"

"कुठली रेघ?"

"दोन हजारांत सरकते ती."

मॅडमचा घास हातातच राहिला. "काका, तुम्ही पैसे घेतले? अहो, ती उतारावरून ठरते. मलासुद्धा मनासारखी सरकवता येत नाही."

"बाईमाणूसले काय समजस!" जेठ भाकरीकडे बघून म्हणाले.

"ताई, त्यांना सांगा, पैसे आले नाहीत तर हेच मी ग्रामपंचायतीत विचारीन," मी म्हटलं आणि आत गेले.

जेठ उपाशी उठले. आठवडाभर ताप आल्याचं सोंग केलं. मग नवा मोबाईल विकला, बोकड विकला, आणि शिव्या देत घरोघर पैसे वाटले. आमचे तेवढे ठेवून घेतले, घरातलेच म्हणून. मॅडम रोज जेवताना त्यांना आठवण करून देत. शेवटी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी जेठाणी पैसे घेऊन आली. मी तिच्यासमोरच मोजले. पुरे दोन हजार होते.